‘पुन्हा’ची जागा

लातूरला मी शिकवते त्या क्लासात संध्याकाळची पाचची बॅच सगळ्यांत सरमिसळ असते. नर्सिंगच्या दोन-तीन मुली, बँकेच्या परीक्षेला बसलेले काही जण, कापड दुकानातला एक सेल्समन, आणि चाळिशीची एक बाई, जिला मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत उभं राहून इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची होती. बाहेरच्या पाटीवर ‘स्पोकन इंग्लिश’ लिहिलंय, पण आत आम्ही बहुतेक वेळ वाक्याला वाक्य जोडत बसतो. ‘तो येईल’ हे सगळ्यांना म्हणता येतं. ‘तो येईल असं मला वाटतं’ म्हणायची वेळ आली की अडतं.

त्या जोडणीला इंग्रजीत ‘दॅट’ लागतो. मी तो शिकवताना आधी मराठीतला ‘की’ हाताशी घेते. फळ्यावर दोन वाक्यं लिहिते. ‘डॉक्टर काल म्हणाले की रिपोर्ट आला.’ ‘डॉक्टर म्हणाले की रिपोर्ट काल आला.’ मग विचारते, फरक काय? नर्सिंगच्या मुली लगेच हसतात. दुसरी जोडी देते. ‘मला खरंच वाटतं की तो येईल.’ ‘मला वाटतं की तो खरंच येईल.’ इथं जरा वेळ लागतो. त्या बॅचमध्ये सेल्समननं बरोबर पकडलं होतं. “मॅडम, पयल्यात मी माझ्या मनाचं सांगून राहिलो, आन् दुसऱ्यात त्याच्या येण्याचं.”

‘की’च्या अलीकडचा शब्द बोलणाऱ्याला चिकटतो, पलीकडचा शब्द त्या गोष्टीला. इंग्रजीतही तसंच. हे वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गात म्हणत आले, आणि म्हणताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटायचं. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते मला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणाला वाटू नये.

दीडेक वर्षापूर्वीची गोष्ट. पाचची बॅच सुटत होती, साडेसहाची यायची होती. आईचा फोन आला. आई नांदेडला एकटी राहते.

“आगं, चाचाचं थोरलं लई अडचणीत हाय. चाचा हितंच बसलेत. बोल त्यांच्याशी.”

चाचा म्हणजे आमचे नांदेडचे शेजारी. त्यांच्या घराची आणि आमच्या घराची एक भिंत सामाईक. तीन पिढ्यांपासून शिवणकाम. पुढच्या खोलीत दोन मशिनी, मागं घर. माझा शाळेचा गणवेश पहिलीपासून त्यांनीच शिवला. त्यांचा थोरला माझ्याहून आठ वर्षांनी लहान. दहावीला त्याचं इंग्रजी मीच घेतलं होतं, आमच्या ओट्यावर बसून. तो काठावर पास झाला तेव्हा चाचांनी पेढ्यांचा पुडा आमच्याकडं आधी आणला आणि मग स्वतःच्या घरात नेला. पुढं तो फोर्कलिफ्ट, म्हणजे माल उचलून रचायची गाडी, चालवायला शिकला आणि आखातात गेला. एका मोठ्या गोदामात कामाला लागला. बायको आणि लहान मुलगी नांदेडलाच. चार वर्षं सगळं ठीक होतं.

चाचांनी फोन घेतला. आदल्या दिवशी गोदामात अपघात झाला होता. फोर्कलिफ्टचा ब्रेक लागला नाही, गाडी घसरत पुढं गेली, समोर माल लावणाऱ्या माणसाचा पाय खाली आला. तो माणूस नेपाळचा, थोरल्याच्याच खोलीत राहणारा. कंपनीनं थोरल्याला सांगितलं होतं, काय झालं ते संध्याकाळच्या आत इंग्रजीत लिहून सही करून दे. त्याला कामापुरतं इंग्रजी बोलता यायचं, लिहिता यायचं नाही.

“मोबाईल में भी लिखके आता बोलते, बेटी,” चाचा म्हणाले. “मगर मोबाईल कू हमारा क्या मालूम. तुम लिखो.”

थोरल्यानं व्हॉइस मेसेज पाठवले. तीन. मी क्लासच्या ऑफिसात दार लोटून ऐकले. बाहेर पुढच्या बॅचची पोरं बाक ओढत होती. पहिल्या मेसेजमध्ये त्यानं सकाळपासूनचं सांगितलं, दुसऱ्यात अपघाताचं. तिसरा लहान होता. आवाज थकलेला. “मैं सुपरवायझर कू बोला के ब्रेक नै पकडरे, फिर से. उनो बोले, चला ले, शाम कू देखते.”

मी लिहीत गेले. ऐकलं त्या क्रमानं. ‘आय टोल्ड द सुपरवायझर दॅट द ब्रेक्स वेअर नॉट होल्डिंग अगेन.’ म्हणजे, मी सुपरवायझरला सांगितलं की ब्रेक पुन्हा पकडत नाहीत. वाक्य सरळ होतं, वाचायला गुळगुळीत. एक पान झालं. एकदा वरून खाली नजर फिरवली, स्पेलिंग तपासली, पाठवून दिलं. त्यानं ते जसंच्या तसं उतरवून सही केली. चाचांचा परत फोन आला. “अल्ला तुमकू खुश रखे.” मी चहा घेतला आणि वर्गात गेले. त्या संध्याकाळी मला फार बरं वाटलं, हेही सांगायला हवं.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी मी घरी शेपू निवडत बसले होते तेव्हा थोरल्याचा मेसेज आला. कंपनीच्या पत्राचा फोटो, खाली, ‘ताई, क्या लिखे देखो.’

पत्रात लिहिलं होतं की, आपल्याच निवेदनानुसार ब्रेकमधला हा बिघाड आधीही झालेला होता. आधीच्या बिघाडाबद्दल आपण कुणाला कळवल्याचं आपल्या निवेदनात कुठंही नाही. म्हणजे आपण तो लपवला आणि यंत्र चालवत राहिलात. शेवटी, चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये. माझं वाक्य त्यांनी पत्रात जसंच्या तसं घेतलं होतं आणि ‘अगेन’च्या खाली रेघ ओढली होती.

आधी मला कंपनीचाच राग आला. मी त्याला फोन लावला. “असं कसं म्हणतात? तू तर सांगितलं होतंस. किती वेळा सांगितलं होतंस?”

“दो बार, ताई. सोमवार कू बोला. बुधवार कू फिर से बोला. वोइच तो लिखवाया ना मैं.”

“ताई?” तो म्हणाला. “ताई, हलो?”

“बघते मी,” म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याचा ‘फिर से’ सांगण्याचा होता. मी तो ब्रेकला लावला. ‘मी पुन्हा सांगितलं की ब्रेक पकडत नाहीत’ असं त्याला म्हणायचं होतं. माझ्या वाक्यात ते झालं, ‘मी सांगितलं की ब्रेक पुन्हा पकडत नाहीत.’ दोनदा सांगितलं हे गेलं. दोनदा बिघडलं, आणि सांगितलं एकदाच, एवढं उरलं. एका शब्दाची जागा चुकली होती, आणि ती चूक मी रोज फळ्यावर दाखवत होते.

तो तिसरा मेसेज मी पुन्हा काढून ऐकला. मग परत ऐकला. किती वेळा ते सांगता येणार नाही. ‘ब्रेक नै पकडरे’ झाल्यावर तो जरासा थांबतो आणि मग म्हणतो, ‘फिर से.’ त्या थांबण्यात सगळं होतं. ते कुठंही लागू शकत होतं. मला कळलं नसतं तरी चाललं असतं, फक्त विचारायला हवं होतं. कशाचं फिर से? एवढा एक प्रश्न. मग मी एक गोष्ट केली, जिची मला आजही लाज वाटते. त्याचं वाक्य मोबाईलमध्ये टाकलं आणि इंग्रजी करून मागितलं. मोबाईलनंही ‘अगेन’ शेवटीच ठेवला. क्षणभर जीव हलका झाला. मग वाटलं, मोबाईल त्याला उलटा फोन लावू शकत नव्हता. मी लावू शकत होते.

संध्याकाळी चाचांचा फोन आला तेव्हा मी खोटं बोलले. म्हणाले, “कंपनीवाले शब्द पकडतात, चाचा. बदमाश आहेत.”

“हौ बेटी. तुम तो अच्छाच लिखी थी.”

दुसऱ्या दिवशी मी पाचच्या बॅचला सुट्टी दिली आणि दुसरं पत्र लिहिलं. या वेळी थोरल्याला फोनवर धरून, एकेक ओळ त्याला आपल्या भाषेत सांगून, बरोबर आहे का विचारून. पहिलं निवेदन दुसऱ्या कुणीतरी ऐकून लिहिलं होतं, त्यात चूक झाली, सोमवारी आणि बुधवारी असं दोनदा सुपरवायझरला तोंडी सांगितलं होतं, असं सगळं. मधेच त्यानं विचारलं, “ताई, पहलेवाले में कुछ गलत था क्या?”

मी म्हणाले, “थोडं अस्पष्ट होतं.”

‘दुसऱ्या कुणीतरी’ हे मी कंपनीला लिहू शकले. त्याला मात्र ‘मी’ म्हणू शकले नाही.

कंपनीचं उत्तर दोन ओळींचं आलं. सही केलेलं निवेदन ग्राह्य धरलं आहे, नंतर बदललेलं धरता येणार नाही. सुपरवायझरनं तर आपल्याला कधी काही सांगितलंच नव्हतं असं लिहून दिलं होतं. महिन्याभरात थोरल्याला परत पाठवलं.

माझे मिस्टर म्हणाले, “तू उगाच लावून घेऊन राहिलीस. त्यांना कुणाच्या तरी माथी मारायचंच होतं. तू कसंही लिहिलं असतंस तरी हेच झालं असतं.” असेलही. पण त्यांना जे हवं होतं ते माझ्या वाक्यात त्यांना आयतं मिळालं. त्या महिन्यात नवीन बॅचला ‘दॅट’ शिकवायची पाळी आली. मी तो धडा गाळला. भूतकाळाची उजळणी घेतली, तीही दोन दिवस.

थोरला आल्यावर पंधरा दिवसांनी मी नांदेडला गेले. लातूरहून अहमदपूर, लोहा करत गाडी जाते. त्या रस्त्यावर मला नेहमी झोप लागते, त्या दिवशी लागली नाही. चाचांना काय सांगायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवत होते. प्रत्येक वाक्य ‘मी’पासून सुरू करायचे आणि कुठंतरी मधेच कंपनी यायची, सुपरवायझर यायचा.

आईला आधी सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आगं, ब्रेक लागंनात म्हनून त्यानं परत सांगितलं. येवढंच न्हवं का? त्यात आवघड काय व्हतं?”

आई चौथी शिकलेली. तिच्या बोलण्यात ‘की’ फारसा येत नाही. ती आधी गोष्ट सांगते, मग ‘म्हनून’, मग कोण काय म्हणालं ते. ‘परत’ हा शब्द तिच्या वाक्यात ‘सांगितलं’ला असा घट्ट बसला होता की तो हलायला जागाच नव्हती.

“मी त्यांना सांगायला आलेय,” मी म्हणाले.

“न्हाई सांगायचं.” तिनं सूप खाली ठेवलं. “तू काय मुद्दाम केलंस का? पन्नास वर्षाचा शेजार हाय. मला हितं राहायचं हाय, तुला न्हाई. मनात एकदा गाठ बसली तर सुटत नस्ती.”

“त्याला वाटतंय की सगळं कंपनीनं केलं.”

“मग वाटू दे. त्याचं वाईट काय झालं त्यात?”

तिच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. मी दुपारभर घरातच बसून राहिले. चार वाजता शेजारी गेले.

चाचा मशीनवर होते. थोरला बाजूच्या टेबलावर शिवून झालेल्या पँटींना इस्त्री करत होता. मला बघून दोघं उठले. त्याची बायको आतल्या दारात येऊन उभी राहिली. ती देगलूरकडची, माझ्याशी नेहमी मराठीत बोलते. मला खुर्ची दिली. मी बसले नाही. बसले असते तर इकडचं तिकडचं सुरू झालं असतं.

“चाचा, कंपनीची चूक नाही. म्हणजे त्यांची आहेच, पण आधी माझी आहे,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. तिसरा मेसेज, ‘फिर से’, मी तो कुठं लावला, त्याचा अर्थ काय झाला. सांगताना मला जाणवलं की मी वर्गात सांगते तसंच सांगतेय, दोन वाक्यं शेजारी ठेवून. मी थांबले.

थोरल्यानं इस्त्री उभी केली. “मतलब मैं दो बार बोला, वो निकल गया?”

“हाव.”

“और ब्रेक दो बार खराब हुए, वो रह गया?”

“हाव.”

त्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं. मग म्हणाला, “एक फोन लगाती ना, ताई तुम. मैं हाथ में फोन पकडकेच बैठा था उस दिन.”

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. चाचा परत मशीनवर बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. पायाखालचं पायडल थांबलं होतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “अब फिरसे लिखके भेज सकते क्या?”

“लिहिलं होतं चाचा. मानलं नाही त्यांनी.”

“अच्छा.” त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

ती हलली नाही. “ताई,” ती म्हणाली, “आम्ही सगळ्या गल्लीला सांगून राहिलो होतो, तुम्ही लिहून दिलं म्हणून. कंपनी खोटी, ताईचं लिहिणं खरं, म्हणून. आता काय सांगायचं?”

“चाय रख,” चाचा परत म्हणाले, या वेळी जरा कडक. ती आत गेली. चहा आला, मी प्याले. निघताना मी माफी मागितली. चाचा ‘हौ, हौ’ म्हणाले आणि मशीनमधला दोरा ओवायला लागले. दोरा काही केल्या सुईत जात नव्हता. एरवी मी पुढं होऊन ओवून दिला असता.

त्यानंतर चार-पाच महिने तिकडून मला फोन नव्हता. आई सांगायची ते कळायचं. थोरला आता मालाचा टेम्पो चालवतो, नांदेड ते देगलूर. दुसऱ्या फोर्कलिफ्टच्या कामासाठी कंपनीचा दाखला लागतो, तो मिळाला नाही. त्याची मुलगी आधी इंग्रजीचा अभ्यास मला व्हिडिओ कॉलवर दाखवायची, ते बंद झालं. आईकडं येणं-जाणं चालू होतं, पण आई म्हणायची, “येतेत, पर बसत न्हाईत.” हे सांगताना ती मला बोल लावत नसे. फक्त सांगायची.

मग एका शनिवारी दुपारी थोरल्याचा फोन आला. मागं टेम्पोच्या इंजिनाचा आवाज होता.

“ताई, एक काम है. लिखने का नै.”

तो नेपाळी माणूस, पायाची दोन बोटं जाऊन आपल्या गावी परतला होता. जाण्याआधी कंपनीनं त्याला थोरल्याचं निवेदन वाचून दाखवलं होतं. तुझ्या दोस्तानं बिघाड लपवला, असं सांगितलं. तेव्हापासून तो थोरल्याचा फोन उचलत नव्हता.

“चार साल एक कमरे में रहे, ताई. मेरी बच्ची कू फोन पे गाना सुनाता था वो. अब वो समझता, मैं छुपाया.” मग म्हणाला, “तुम बोलो उसकू. गलती लिखनेवाले की थी, बोलो. तुम्हारे मुँह से.”

नाही म्हणायचं कारणच नव्हतं, पण मी घाबरले. आधी कागदावर हिंदीत काय बोलायचं ते लिहून काढलं. पहिली ओळ होती, मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. ती खोडली. मग सगळाच कागद बाजूला ठेवला आणि नंबर लावला. माझा नंबर अनोळखी, म्हणून त्यानं उचलला.

मी कोण ते सांगितलं. त्यानं फोन ठेवला नाही. त्याच्या मागं कुणीतरी लाकडं फोडत होतं.

“उसने सुपरवायझर को दो बार बोला था,” मी म्हणाले. “सोमवार को, फिर बुधवार को. मैंने लिखने में गलती की. मेरी वजह से ऐसा लगा कि एक ही बार बोला और पहले का छुपाया. उसने छुपाया नहीं था. गलती मेरी है, उसकी नहीं.”

लाकूड फोडण्याचा आवाज दोन-तीनदा आला.

“मतलब सोमवार से खराब था ब्रेक,” तो म्हणाला.

“हाँ. उसने बोला था उनको. उन्होंने ठीक नहीं किया, चलाने को बोले.”

“उनको दो बार बोला.”

“हाँ, दो बार.”

“मैडम, हम एक कमरे में सोते थे.” त्याचा आवाज अगदी शांत होता. “मेरे को तो एक बार भी नहीं बोला.”

एवढे महिने मी एका शब्दामागं लागले होते. तो शब्द जागेवर बसवला की सगळं जागेवर बसेल, असं कुठंतरी धरून चालले होते. सोमवार ते बुधवार दोन रात्री ते दोघं एका खोलीत जेवले, झोपले, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“वो मैं नहीं जानती,” मी म्हणाले. “वो आप उससे पूछो. मैं उसकी तरफ से नहीं बोल सकती.”

“ठीक है, मैडम. फोन किया आपने, ठीक है,” तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

थोरल्याला काय सांगायचं हा प्रश्न उरला. ‘सांगितलं, ऐकून घेतलं त्यानं’ एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण त्याच्या बाबतीत मी एकदा अर्धंच ऐकून पुढं पाठवलं होतं. मी त्याला फोन लावला आणि त्या माणसाचे शब्द होते तसे, त्याच क्रमानं सांगितले. शेवटचं वाक्य सांगून झाल्यावर इंजिनाचा आवाज बंद झाला. त्यानं टेम्पो बाजूला घेतला असावा.

“हौ,” तो म्हणाला. “उसकू नै बोला मैं. डर जाता था वो. फिर काम पे नै आता. और वो नै आया तो मेरा माल कौन लगाता.” मग अगदी हळू, “वो सही बोल रा, ताई.”

मी काही समजूत घातली नाही. तुला माहीत नव्हतं, असं म्हणता येत नव्हतं. त्याला माहीत होतं. चूक माझी होती, सुपरवायझरची होती, कंपनीची होती, आणि थोडी त्याचीही होती, आणि ते त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणीच मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मी फक्त विचारलं, “तू बोलशील त्याच्याशी?”

“नंबर ब्लॉक किया उसने.”

“माझ्या फोनवरून लाव. मी येते रविवारी नांदेडला.”

त्यावर तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

रविवारी मी गेले. तो आमच्या ओट्यावर आला, घरात नाही आला. मी नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला आणि आत आईजवळ जाऊन बसले. आईनं टीव्हीचा आवाज वाढवला, मुद्दाम. सासू-सुनेची कसलीशी मालिका चालू होती. आम्ही दोघी पडद्याकडं बघत बसलो होतो, आणि आई अधूनमधून दाराकडं बघत होती. एक मालिका संपून दुसरी लागली.

तो दारात आला. डोळे लाल होते. फोन तापला होता, तो त्यानं सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिला.

“बात हुई,” म्हणाला.

“काय म्हणाला तो?” आईनं विचारलं.

“बहुत देर बात हुई, खाला.” त्यानं खांद्यावरचा रुमाल नीट केला. देगलूरला माल पोचवायचा होता, उशीर झाला होता. जाताना तो थांबून म्हणाला, “ताई, अब्बा का चष्मा का नंबर बदला है. डॉक्टर का कागद है, इंग्लिश में. घर जाके देख लो जरा.”

मी चप्पल घातली आणि शेजारी गेले. चाचा मशीनवरच होते. कागद त्यांनी खिशातून काढून दिला. मी तो त्यांना वाचून दाखवला, एकेक शब्द, आणि प्रत्येक शब्दानंतर विचारत राहिले, “असंच सांगितलं ना डॉक्टरनं?” तिसऱ्यांदा विचारल्यावर ते वैतागून म्हणाले, “अरे हौ ना, बेटी.” आतून सून बघत होती. ती त्या दिवशी बाहेर आली नाही.